फुंकर
जानेवारीतल्या गोठवणाऱ्या पहाटे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला आलेल्या डेल्मरने ठासणीची बंदूक भरण्याआधी, नळी मोकळी आहे ना बघायला, आजोबांसारखं तोंड लावून फुंकर मारली. ओठ गारठलेल्या लोखंडाला जे चिकटले ते चिकटलेच. ओढावं तर कातडी सोलणार, ओरडावं तर आवाज नळीतच. तेवढ्यात झाडीतून आलेला मेव्हणा हार्लन भलतंच समजून हात जोडून विनवू लागला. "डेल्मर, जीव नको देऊस रे. माझ्या भिंतीवर ज्याचं मुंडकं टांगलंय ते हरीण तुझ्याच गोळीने पडलेलं. माझी गोळी झाडात घुसली. वर्षभर गावासमोर तुला आंधळा म्हटलं, चुकलंच माझं." डेल्मरने डोळे वटारले. "असा नको बघूस. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगतो." गरम श्वासाने ओठ अलगद सुटले. डेल्मरने तोंड मात्र नळीवरून हलवलं नाही. हार्लनने मागून नेलेल्या करवतीचं काय झालं, ते अजून कळायचं होतं.