अडकलेली पाकळी

इंजिनातली पाकळी काही केल्या हलेना. मिस्त्रीने पुन्हा तेल सोडलं, सिलिंडर गरम केला, पितळी दांडा टेकवून हातोडीने हलकेच ठोकलं. आतून दबका आवाज आला, बाकी काही नाही.

"तुटणार तर नाही ना?" शिंप्याने विचारलं. तो गॅरेजच्या दारात उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"घाई केली तर तुटेल. काजळी बसून बसून दगड झालाय. कोणी कधी उघडलंच नाही हे."

गाडी शिंप्याची नव्हती. मातीत उडवायची, उंच चाकांची ती टू-स्ट्रोक त्याच्या धाकट्या भावाची. जुनीच विकत घेतलेली. धाकटा कारखान्यात पाळीवर गेला आणि थोरल्याने त्याच्या माघारी गाडी ढकलत इथे आणली. गाडीला दम नाही, तेवढं बघा, म्हणाला. बाप गेल्यापासून दोघांत विस्तव जात नव्हता. घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मग आजच भावाचं प्रेम कुठून उतू चाललं, असं मिस्त्रीला मघापासून वाटत होतं.

"ही पाकळी नेमकं करते काय?"

"धुराची वाट लहानमोठी करते. इंजिनानं जोर धरला की ही वर उचलली जायला हवी. मग गाडी झेप घेते. अडकली की नुसती ओरडते, पळत नाही. तुमच्या भावाला वाटत असेल, गाडीची ताकदच एवढी."

"त्याला तसंच वाटतं." शिंपी बोटांवरचा खडू पुसत राहिला. "आणि मोकळी झाली की? झेप एकदम येईल?"

"एकदम. सवय नसेल तर पुढचं चाक उचलेल."

"चढावरही?"

"चढावर जास्तच. कुठला चढ?"

"खाणीकडचा."

मिस्त्रीचा हात थांबला. तो चढ त्याला माहीत होता. वर जिथे संपतो तिथून पुढे नुसती पोकळी, आणि तळाशी काळं पाणी.

"उद्या जाणार आहे तो तिकडे," शिंपी म्हणाला. "त्याच्या आत व्हायला हवं. आणि मिस्त्री, त्याला यातलं काही कळता कामा नये. मी गाडीला हात लावला हे तर मुळीच नाही."

"का बरं?"

"ते आमचं आमच्यात."

मिस्त्रीने मान खाली घातली. त्यालाही एक थोरला भाऊ होता. खांद्यावर हात टाकून, गोड बोलून त्याने बापाचं गॅरेज स्वतःच्या घशात घातलं होतं. तेव्हापासून मिस्त्री म्हणायचा, इंजिन काय आणि थोरला भाऊ काय, नुसता आवाज ऐकला की आत काय बिघडलंय ते मला कळतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस. तो ताकही फुंकून पिणारच.

शिंपी समोर पाणी प्यायला गेला तेव्हा पाकळी निघाली. पक्कडीत धरून तसूतसूने ओढावी लागली. मिस्त्रीने ती रॉकेलात घासली, पोलाद दिसू लागलं. परत बसवून बोटाने ढकलली तर लोण्यात फिरावी तशी फिरली. एरवी असं काम जमलं की तो हात पुसायचंही विसरून बघत बसायचा. आज त्याची नजर गाडीच्या पुढच्या चाकावर गेली. उद्या तो पोरगा रोजच्यासारखी मूठ पिळणार, आणि चढाच्या टोकावर गाडी त्याच्या अंगावर उलटणार. लोक म्हणतील, पोरगं धसमुसळंच होतं. मग मधली भिंत पाडायला कितीसा वेळ?

पोलिसांत जाऊन तरी काय सांगणार? भाऊ भावाची गाडी दुरुस्त करतोय म्हणून? दोघा भावांच्या भांडणात तिसऱ्याने तोंड घालू नये हे खरं, पण हात घालायला कोणाची बंदी आहे? त्याने पाकळी बंद केली, तिच्या दांडीला बारीक तार आवळली आणि वर झाकण घट्ट बसवलं. गाडी होती तशी झाली.

"निघाली?" शिंपी परत आला होता.

"निघाली. आता मोकळी आहे." मिस्त्री त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलला.

शिंप्याने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मिस्त्रीला किळस आली. गाडी ढकलत तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत मिस्त्री बघत राहिला. आपल्या वेळी कोणी आलं नव्हतं, पण आज कोणाच्या तरी धाकट्याला आपण वाचवलं, असं त्याला वाटलं. फार वर्षांनी त्याला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंपी पुन्हा आला. आज तो दारात थांबला नाही. पायात चपला नव्हत्या.

"गेला," तो म्हणाला.

मिस्त्रीचा हात पान्यावर गेला. शेवटी याने दुसरा मार्ग शोधलाच.

शिंपी स्टुलावर बसला. "खाणीवरून उडी मारायची पैज लावली होती त्यानं. या कडेवरून त्या कडेवर. आईनं पाय धरले. मी भिंतीवरून ओरडून सांगितलं. ऐकतो कुठला. मनात म्हटलं, उडी मारणारच असशील तर निदान गाडीत दम तरी असू दे. माझा हात लागलाय हे कळलं असतं, तर हट्टानं दुसऱ्या कोणाचा खटारा घेऊन मारली असती. म्हणून तुम्हाला गप्प राहा म्हटलं."

त्याने उजवा हात पुढे केला आणि अंगठा नि करंगळी ताणून धरली. मापं घेऊन घेऊन जडलेली सवय.

"एवढंच राहिलं होतं, मिस्त्री. वीतभर."

त्याने बोटं मिटली. मग उठला आणि मिस्त्रीसमोर त्याने हात जोडले.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्या बाजूनं काही कमी ठेवलं नाहीत."