जोड

वेग साठच्या पुढे गेला की ती जुनी स्पोर्ट्स कार मागून थरथरायची. टायर, बेअरिंग, शाफ्ट, सगळं बदलून चार गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. पाचवा, म्हातारा मिस्त्री, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला तो बराच वेळ बाहेरच येईना.

"दोन गाड्या मधोमध कापून जोडल्यात," तो खालूनच म्हणाला. "पुढचा अर्धा एकीचा, मागचा दुसरीचा. मागच्या अर्ध्यावरचा हा जुना वेल्डिंगचा टाका माझ्या हातचा आहे."

"आता कसं! म्हणजे गाडी ओळखीची निघाली," मालक खूश झाला. "मग तिचाच पुढचा अर्धा शोधून आणा. जोडी जमेल, थरथर जाईल."

"तो नाही मिळायचा, साहेब. माझ्या पोराला बाहेर काढायला त्या अर्ध्याचे तुकडे करावे लागले."