दादाची जागा

बास्केटबॉलच्या सरावात दोनदा भोवळ येऊन पडल्यावर संघाचा कप्तान वुकाशिन याला बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तोंडावरच सांगितलं, "हृदयाचा स्नायू जाड झालाय. यापुढे एक उडीसुद्धा मारायची नाही. खेळता खेळताच जाशील." अंतिम सामना चार दिवसांवर आलेला. चाचाकमधल्या, त्याच्या गावच्याच लोकांनी त्याला भित्रा म्हटलं, शिव्याही दिल्या. पण कप्तानाने बूट उतरवले ते उतरवलेच.

त्याची जागा मिळाली त्याच्या सख्ख्या भावाला, वर्षानुवर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मिल्यानला.

"दादा, तुझी जागा अशी मिळायला नको होती रे."

"मिळालीय ना? मग आज जीव तोडून खेळ."

आणि मिल्यान खरोखरच तसा खेळला. आता सगळं प्रेक्षागृह त्याच्या नावाने दणाणत होतं. गर्दीत आई वुकाशिनचा हात घट्ट धरून बसली होती. "लोकांना बोलू दे. तू माझ्या शेजारी धडधाकट बसलायस, मला बास."

तेवढ्यात मिल्यानने उंच झेप घेऊन बॉल बास्केटमध्ये आदळला आणि परतताना गुडघ्यांवर हात टेकून तो वाकून उभा राहिला.

"दमलं गं बाई माझं लेकरू," आई हसली.

वुकाशिनचा फोन वाजला. गोंगाटात त्याने तो कानाशी गच्च दाबला. बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाई होत्या.



"वुकाशिन, रक्ताचा रिपोर्ट आला. हा आजार आनुवंशिक आहे. तुला कुणी सख्खं भावंड आहे का?"