समोरच्या घरातली रिव्हॉल्वर

नंदिनीच्या वेण्या आज पुन्हा मोनालीने घातल्या होत्या. चारुलताला ते दारातच दिसलं. इतक्या घट्ट, सरळ वेण्या तिला स्वतःला कधी जमल्या नव्हत्या.

"जेवलीस?"

"मोनालीकाकूकडे. आमटी-भाकरी." नऊ वर्षांच्या नंदिनीने टीव्हीवरची नजरही हलवली नाही.

चारुलताने येताना आणलेली पनीरची भाजी फ्रीजमध्ये ढकलली. ऐरोलीच्या ऑफिसातून घणसोलीच्या या फ्लॅटवर पोचायला तिला रोज साडेसात व्हायचे. शाळेनंतर मुलीला समोरच्या मोनाली जाधवकडे ठेवायची कल्पना तिचीच होती. मोनालीने चार वर्षांत त्याचे उपकार एकदाही बोलून दाखवले नव्हते, आणि चारुलताला तेच जास्त खुपायचं.

मागच्या महिन्यात नंदिनीला ताप आला होता. झोपेत तिने हाक मारली ती "काकू" अशी. आई उशाशीच बसली होती. तेव्हापासून चारुलताच्या पोटात दुखत होतं. तिला चक्क मत्सर वाटत होता, पण तसं म्हणायची लाज वाटे, म्हणून ती त्याला काळजी म्हणायची.

खंडेनवमीला तिला कारण सापडलं.

मोनालीचा नवरा उदयसिंह साताऱ्याकडचा, सैन्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडे लायसनची रिव्हॉल्वर होती. नवमीला त्याने ती पाटावर मांडली, झेंडूचं फूल वाहिलं आणि मजल्यावरच्या सगळ्यांना प्रसादाला बोलावलं. मोनालीने नंदिनीचा हात धरून तिला रिव्हॉल्वरवर हळदकुंकू वाहायला लावलं.

"काका, एकदा हातात द्या ना!" नंदिनी म्हणाली.

"मोठी झालीस की बघू."

आरती संपली तशी त्याने रिव्हॉल्वर उचलली.

"अवो, आपल्यात दसऱ्यापतूर पाटावरनं हलवत न्हाईत," मोनाली म्हणाली.

"मजल्यावर पोरं हायती," तो म्हणाला. त्याने ती लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवली.

घरी आल्यावर चारुलताने मुलीला जवळ घेतलं. "ते कपाट कधी उघडं असतं का गं?"

"कधीच नाही. मी कितीदा मागितली. मला ना, एकदा तरी धरून बघायचीय."

चारुलताने शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिखटमीठ लावून सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहून दिलं. मुलीने हत्याराला हात लावला, हेही लिहिलं. खोटं त्यात काही नव्हतं.

तिचा नवरा आशुतोष वैतागला. "अगं, आपली पोर सांभाळतात ते. समोर राहायचंय आपल्याला."

"पोरीच्या जिवापेक्षा शेजार मोठा का?"

 भांडण म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

सेक्रेटरी श्यामसुंदर मोठे नियमाचे. त्यांनी उदयसिंहला सांगून टाकलं, शनिवारी पाच वाजता कमिटी घर बघायला येईल, त्याआधी हत्यार घरातून हललं पाहिजे. पण पोलीस ठाण्यात ते जमा करायला त्याला सोमवारचाच दिवस मिळाला होता.

शनिवारी साडेचार ते सात नंदिनीचा चित्रकलेचा क्लास असायचा. तिला मोनालीच सोडायची आणि आणायची. आशुतोष तीनलाच गाडी धुवायला घेऊन गेला होता.

"आज क्लास नाही," चारुलता म्हणाली. "आणि आजपासून काकूकडे जायचं नाही."

नंदिनी रडली. आई दुष्ट आहे म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन दार आपटलं. चारुलताला वाईट वाटलं, पण आतून बरंही वाटलं. आता हळूहळू मुलगी आपली होईल. पाच वाजता तिने लॅच ओढून घेतलं आणि ती समोर गेली. आशुतोष गाडी लावून थेट तिथेच आला.

उदयसिंहने कपाट स्वतः उघडलं. आत साड्या होत्या, एक शाल होती, कागदांची फाइल होती.

"रिव्हॉल्वर?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"हलवा म्हणालात. हलवली."

"मग विषयच संपला," असं म्हणून त्यांनी वहीत सही केली आणि ते लिफ्टकडे गेले.

"हलवली म्हणजे कुठे?" चारुलताने विचारलं. एवढ्यावर मिटवायला ती तयार नव्हती.

उदयसिंहने आशुतोषकडे पाहिलं. आशुतोष चहाच्या कपात बघत राहिला.

मोनालीचे डोळे सुजलेले होते. "ताई, क्लासवरनं नंदूला आणायला मी जाऊ का? आजच्या दिवस. पुन्हा न्हाई येणार मधे."

या क्षणाची चारुलता चार वर्षं वाट बघत असावी. "गरज नाही," ती म्हणाली. "मी तिला क्लासला पाठवलंच नाही. ती घरी आहे. तिच्या स्वतःच्या घरी."

आशुतोषच्या हातातला कप बशीत लवंडला.

"साहेब," उदयसिंह उठून उभा राहिला, "पोरगी सात वाजेस्तोवर घरात नसती म्हणालात तुमी."

आशुतोष खिशात किल्ली चाचपत होता. ती सापडेना.

"अहो, काय झालं?" चारुलताने विचारलं.

"दुपारी तुम्ही दोघी भाजीला गेलात ना, तेव्हा मीच त्यांच्याकडून पिशवी घेतली. गोळ्यांसकट. त्यांची शोभा नको म्हणून. सातला परत देणार होतो. तुला दिसली असती तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून मी ती तू कधीच उघडत नाहीस अशा कपाटात ठेवली, चारू. नंदूच्या."