आधी होरी थांबव

तीन दिवसांत मी वायफाय कार्डाचा ड्रायव्हर चारदा बदलला. कार्ड हवेतले सिग्नल ऐकायचं, पण मी चाचणीसाठी सोडलेल्या डेटाच्या पॅकेटांना घरातला आमचाच राउटर उत्तर देत नव्हता. उद्या सानपाड्याच्या कंपनीत वायफायची सुरक्षा चाचणी करून दाखवली नाही, तर नोकरी गेलीच. शेजारी बसलेल्या बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो आकडा सारखा का बदलतोय?" "कार्ड चॅनल बदलत फिरतंय, बाबा." बाबांनी चाळीस वर्षं होडीतून वल्हं बुडवून, दांड्याला कान लावून, पाण्याखालच्या आवाजावरून घोळ मासा शोधलेला. ते म्हणाले, "मंग आधी होरी थांबव. फिरत्या होरीतून कोनाचं काय आयकू येनार?" मी कार्ड राउटरच्या चॅनलवर स्थिर केलं. तीस पॅकेटं सोडली, तीस उत्तरं आली. रिकाम्या हवेतून! बाबा हळूच उठले, पंखा बंद केला आणि त्या रिकाम्या हवेला कान देऊन उभे राहिले.