उलटं पडलेलं औषध

स्क्रीनवर उंदरांच्या हाडांची चित्रं उमटली आणि यशोधराने ती दोनदा ताडून पाहिली. पेशींवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूला, चेतवलं की हाडांची झीज थांबेल, या भरवशावर तिने पीएचडीची चार वर्षं घालवली होती. पण औषध दिलेल्या उंदरांची हाडं उलट जास्तच पोकळ झाली होती.

“सगळं पाण्यात गेलं,” ती तिच्या गाईड तांबोळी मॅडमना रडवेल्या आवाजात म्हणाली.

मॅडमनी वाकून पाहिलं आणि टाळीच वाजवली. “अगं वेडे, औषध उलटं पडलंय, म्हणजे झीज ठरवणारा रिसेप्टर हाच आहे! त्याला चेतवू नकोस, अडव!”

मग तिने रिसेप्टर अडवणारं औषध दुसऱ्या उंदरांना दिलं. पावसाळा सरता सरता नवी चित्रं आली. हाडं चांगली भरीव होती! यशोधरा एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसं धावत आली.

“पण माणसांपर्यंत पोचायला अजून दहा वर्षं तरी लागतील,” भानावर येत ती म्हणाली.

साठीला टेकलेल्या मॅडम कंबरेवर हात ठेवून हसल्या. “तेवढी कळ माझी हाडं काढतील. चल, लाग कामाला!”