वरचे सूर

पट्टी दबलेली होती, आणि आवाज येत नव्हता.

ऑर्गनचे सूर लावणारे, म्हणून सगळे ज्यांना कानमास्तर म्हणत, ते चर्चच्या ऑर्गनपाशी येऊन थांबले. सगळ्यात उजवीकडच्या पट्टीवर गीतांचं जाडजूड पुस्तक ठेवलेलं होतं. भात्याची मोटर चालू होती, तिची घरघर त्यांना तळपायांत जाणवत होती. ऑर्गनच्या उघड्या कपाटात, शिडीवर, त्यांची बायको पाठमोरी उभी होती. हातात त्यांचीच छोटी हातोडी. सूर देणाऱ्या करंगळीएवढ्या नळीला तिने हलकाच ठोका दिला, मान कलती केली, ऐकलं, पुन्हा ठोका दिला.

मास्तरांना काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्या बाकावर झोपलेलं चर्चचं मांजर मात्र प्रत्येक ठोक्याला कान हलवत होतं.

ते परत आले होते किरकोळ कामासाठी. ऑर्गनचे सूर लावून झाले की कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि तारीख घालायची, ही या धंद्यातली जुनी रीत. शेवटच्या साठ ओळी मास्तरांच्या होत्या. वर्षातून दोनदा, तीस वर्षं. एकसष्टावी घालायची राहिली म्हणून ते अर्ध्या वाटेवरून माघारी फिरले होते.

कामाची पद्धत ठरलेली. मास्तर आत शिडीवर, बायको बाहेर पट्ट्यांवर. आतून ते "पुढचा" म्हणाले की तिने पुढची पट्टी दाबायची. काम संपलं की ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा थांबते." थांबून ती प्रार्थना करते, हे मास्तरांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. चारचौघांत थट्टाही करायचे. आमच्या बाईंचं देवाशी बोलणं म्हणजे माहेरचा फोन, ठेवतच नाही.

तिला कोणी विचारलं, "तुम्हालाही येतं का हो हे?" की ती म्हणायची, "मला कुठे काय कळतं? मी आपली पट्ट्या दाबते." मास्तर मान डोलवायचे. त्यांचं स्वतःचं कौतुक झालं की ते "मी कोण, सगळी प्रभूची कृपा" म्हणत नजर खाली घालायचे, आणि किती जणांनी ते ऐकलं हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायचे.

आता त्यांनी पट्टीवरचं पुस्तक उचललं. त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही. बायकोची मान मात्र झटकन वळली.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"सात-आठ वर्षं झाली असतील." ती शिडीवरूनच म्हणाली. "वरचे तेवढेच हो. बाकीचे तुम्ही छान लावता."

वरचे सूर ऐकू येईनासे झाल्यापासून ते नुसत्या अंदाजाने ठोके देत आले होते, आणि ते कोणाला कळलं नाही असं धरून चालले होते. मास्तरांना लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. कानच गेला तर कानमास्तराला विचारतो कोण? इतकी वर्षं आपण मिरवत होतो आणि ही मागे राहून निस्तरत होती, ते पण एका शब्दाने न बोलता. त्यांनी मांजराकडे पाहिलं. त्यालासुद्धा माहीत होतं.

मग ते तिच्या स्टुलावर बसले आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"किती राहिलेत?"

"अकरा."

"मग लाव. मी दाबतो."

ती पुन्हा नळ्यांकडे वळली. मग जरा अवघडल्या आवाजात ती म्हणाली, "पुढचा."

काम संपल्यावर मास्तरांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. एकसष्टावी ओळ तिच्या अक्षरात लिहिली गेली.

दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मास्तरांना पुढे बोलावलं. "ऑर्गन ऐकलात ना आज सगळ्यांनी? काय ते मास्तरांचे कान!"

 खरं एकदा तोंडातून गेलं की उद्यापासून काम मिळेल का, कोण जाणे. तरी ते बोलले.

"वरचे सूर हिने लावलेत. मला ते ऐकूच येत नाहीत. मी फक्त पट्ट्या दाबल्या."

 पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

"बघा मंडळी," ते म्हणाले, "याला म्हणतात नम्रता. सगळं श्रेय बायकोला."

टाळ्या पडल्या. "अहो, खरंच सांगतोय," मास्तर म्हणाले, तशा त्या आणखी वाढल्या. आयुष्यभर नम्रतेचा आव आणून जेवढं कौतुक मिळालं नव्हतं, तेवढं आज निव्वळ खरं बोलून मिळत होतं.

घाम पुसत ते बाकावर येऊन बसले. "कोणाला पटतच नाही गं," ते पुटपुटले.

बायकोने हसू आवरत त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आणि मी तीस वर्षं म्हणतेय, मला काही कळत नाही. ते मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी पटलं. सगळ्यांत आधी तुम्हाला."